लाल पेन्सिलीचं विमान

"ड्रॉइंग बरोबर असलं की वस्तू चुकूच शकत नाही! चुकतो तो माणसाचा हात!"

हे वाक्य तपासनीसांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत निदान सव्वीस हजार वेळा ऐकवलं असेल. कारखान्यातलं कुठलंही ड्रॉइंग त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे, आणि त्यांच्या टेबलावरून ते सहसा मागेच जात असे. खिशात कायम लाल पेन्सिल. रेघ किंचित जाड झाली, लाल गोल! बाणाचं टोक बोथट, लाल गोल! एकदा तर त्यांनी कोरा कागदसुद्धा 'समास कमी' असा शेरा मारून परत केला, असं शिपाई सांगतो. शिपायाच्या सांगण्यात थोडी भर असते, पण या बाबतीत त्याला कोणी हटकलेलं नाही.

त्या दिवशी लेथवरचा टर्नर एक भाग घेऊन वर आला. "साहेब, ड्रॉइंगप्रमाणेच केलाय, पण बसत नाही."

तपासनीसांनी ड्रॉइंग पाहिलं, टर्नरकडे पाहिलं आणि ते वाक्य ऐकवलं. नेमका मागे फोरमन उभा होता. तीस वर्षं लोखंडाशी बोलून बोलून माणसांशी कमी बोलायची त्याला सवय झालेली.

"साहेब," तो म्हणाला, "एकदा ड्रॉइंगवरून काहीतरी स्वतःच्या हाताने करून दाखवा की."

"काय वाटेल ते! विमान करून दाखवतो! रिमोटवर उडणारं!"

"आणि नाही उडालं तर?"

"तर ही लाल पेन्सिल तुमची! सगळी ड्रॉइंग तुम्ही तपासा. माझीसुद्धा!"

हे बोलताना तपासनीसांना विमानातलं काय कळत होतं? काहीही नाही. पण सगळ्या डिपार्टमेंटने ऐकलं होतं. महिन्याभराने रविवारी सकाळी, कारखान्यामागच्या मैदानावर, विमानाने मैदानाला एक फेरी मारायची, असं ठरलं. त्या संध्याकाळी पेन्सिलीला टोक करताना तपासनीसांना ती पहिल्यांदाच थोडी आखूड वाटली.

आठवड्यात विमानाचं ड्रॉइंग आलं. पाठोपाठ बाल्सा आलं, म्हणजे पापुद्र्यासारखं हलकं लाकूड. ऑफिसातल्या सवयीने तपासनीसांनी ते लागतं त्याच्या दुप्पट मागवलं होतं. आता एवढं मोठं ड्रॉइंग पसरायला सपाट टेबल हवं. घरात असं एकच टेबल होतं, आणि ते त्यांच्या बायकोचं होतं. ती शाळेचे गणवेश शिवत असे. टेबलावर तेव्हा चाळीस शर्ट कापायचे पडले होते.

"तू पलंगावर काप," तपासनीस म्हणाले. "इथे अचूक काम आहे."

"आणि मी काय अंदाजे कापते?" बायकोने विचारलं. मग ती कात्री आणि कापड घेऊन पलंगावर गेली. दोन दिवसांनी तिची इस्त्रीही गेली, कारण पंखांवरचं पातळ प्लास्टिक इस्त्रीनेच ताणून बसवायचं असतं. तिसऱ्या दिवशी टाचण्यांचा डबा गेला. शिलाई मशीन तेवढं वाचलं, ते जड होतं म्हणून!

तपासनीसांची पद्धत मात्र चोख. आधी त्यांनी ड्रॉइंगवरची प्रत्येक सूचना वाचली आणि प्रत्येकीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करून खाली सही आणि तारीख घातली. मग ड्रॉइंगवरच टाचण्या टोचून, रेघेवर लाकूड ठेवून, पंखाच्या बरगड्या एकेक करून चिकटवल्या. आठ दिवसांत एक पंख तयार! काय ती गोलाई, काय ती कड! तो उचलून बाजूला ठेवला आणि त्याच ड्रॉइंगवर, त्याच टाचण्यांच्या भोकांत, दुसरा पंख सुरू केला.

मंगळवारी तोही ड्रॉइंगवरून सुटला, तेव्हा बायको टेबलाशी थबकली. तिने एक पंख पाहिला, दुसरा पाहिला.

"अहो, हे दोन्ही एकाच हाताचे झालेत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कापड एकेरी ठेवून बाही दोनदा कापली, की दोन्ही उजव्याच निघतात. दुसऱ्या वेळी कागद उलटा करावा लागतो."

तपासनीस हसले. साहेब लोक शिकाऊ उमेदवाराला हसतात तसं. "अगं, हे विमान आहे! पंख म्हणजे काय शर्टाच्या बाह्या?"

"बरं," बायको म्हणाली. हा 'बरं' किती धोक्याचा असतो, हे लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण त्यावर ड्रॉइंगमध्ये सूचना नव्हती.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर पाहतात तर काय, ड्रॉइंगला तेलाचा वास! कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलकट!

"ड्रॉइंगवर तेल! कोणी सांडलं?"

"सांडलं असेल," बायको काज करता करता म्हणाली.

तपासनीसांनी त्या डागाभोवती लाल गोल काढला आणि आत 'अस्वच्छ' असं लिहिलं. मग त्यांना बरं वाटलं.

शनिवारी दुपारी धड तयार होतं, मोटर बसली होती, दोन्ही पंख चकचकत होते. उरलं होतं फक्त जोडणं. उजवा पंख टिचकन बसला. तपासनीसांनी दुसरा लावला.

पुढे हवी ती त्याची गोल कड मागे होती आणि धारदार कड पुढे.

त्यांनी तो फिरवला. आता कड पुढे आली, पण पंखाचं पोट वर गेलं. पुन्हा फिरवला. मग उलटा केला. पंख जितक्या तऱ्हांनी ठेवता येतो तितक्या तऱ्हांनी ठेवून झाला. प्रत्येक वेळी तो उजवाच होता!

"ड्रॉइंगच चुकलंय!" ते गरजले आणि लाल पेन्सिल उपसून ड्रॉइंगवर तुटून पडले. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं: 'उजवा पंख दाखवला आहे. डावा याच्या उलट काढावा.' तिथे गोल काढणार, तोच त्यांना दिसलं की सूचनेपुढे आधीच बरोबरची लाल खूण आहे. शेजारी शेरा: 'वाचले.' खाली सही. सही ओळखीची होती.

तपासनीस खुर्चीत बसले. डोळ्यांसमोर फोरमनचा पसरलेला हात आला. त्यांच्या ड्रॉइंगवर फोरमन लाल गोल काढतोय आणि टर्नर शेजारी उभा राहून गोल मोजतोय, असंही दिसलं. त्यांना खरोखर रडू यायच्या बेतात होतं.

"उद्या मला ताप येणार आहे," ते बायकोला म्हणाले.

"किती?"

"एकशे दोन."

बायकोने मशीन थांबवलं. स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि कपाटावरच्या गणवेशांच्या गठ्ठ्यामागून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. चादर उलगडली. आत पंख होता. डावा!

"तेल सांडलं नव्हतं," ती म्हणाली. "लावलं होतं. तेलाने कागदातून आरपार दिसतं. उलटा ठेवला की झाला डावा. तुम्ही ऑफिसात गेलात की टेबल मोकळंच असायचं, आणि लाकूड तर तुम्ही ढीगभर आणलंय."

तपासनीसांनी सवयीने पट्टी आणली. बरगड्यांमधलं अंतर मोजलं. कड मोजली. पेन्सिल पंखावर धरून बराच वेळ फिरवली, पण ती कुठे टेकेना.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "उद्या कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मी कशाला सांगू? पण मी येणार. माझा पंख उडताना मला बघायचाय."

रविवारी मैदानावर सगळं डिपार्टमेंट हजर. शिपाई तर घरची चार माणसं घेऊन आला होता. फोरमनने विमान हातात घेतलं, खालून-वरून पाहिलं, डाव्या पंखावरून जरा जास्त वेळ बोट फिरवलं आणि ते हवेत सोडलं.

आणि उडालं की हो! तपासनीस रिमोटवर जे काही करत होते, त्याकडे दुर्लक्ष करून विमानाने अख्ख्या मैदानाला फेरी मारली आणि अलगद गवतावर उतरलं. टाळ्या पडल्या. टर्नरने मान खाली घातली.

आता इथे थांबावं की नाही? पण थांबतील तर ते तपासनीस कसले!

"बघितलंत?" त्यांनी छाती पुढे काढली. "ड्रॉइंग बरोबर, हात बरोबर! दोन्ही पंख, पहिल्या बरगडीपासून शेवटच्या टाचणीपर्यंत, या हातांनी केलेत! चला, आणखी एक फेरी!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या फेरीला विमानाने रिमोटचं ऐकलं. ते सरळ कुंपणाच्या खांबावर गेलं. उजवा पंख मधोमध मोडला, बरगड्या गवतभर झाल्या. डाव्याला ओरखडाही नाही.

फोरमन सरळ माणूस. "जाऊ द्या साहेब, फेरी तर झाली होती. पैज तुमची."

"आणखी दहा फेऱ्या दाखवल्या असत्या," तपासनीस उदारपणे म्हणाले. "पण आता नवा उजवा पंख करायचा म्हणजे आठ दिवस..."

"त्यात काय एवढं!" बायको म्हणाली. "घरी आणखी एक उजवा पंख तयार आहे ना. तुम्हीच केलेला."

बायकोच्या चेहऱ्यावर मदतीखेरीज काही नव्हतं. निदान तपासनीसांना तरी काही सापडलं नाही, आणि चुका शोधणं हा तर त्यांचा धंदा!

"दोन उजवे?" फोरमनने सावकाश विचारलं. त्याने डावा पंख उचलला, त्याची कड डोळ्यांशी धरली, मग तपासनीसांच्या बायकोच्या बोटांकडे पाहिलं. सुईने टोचलेल्या बोटांकडे. मग त्याने तपासनीसांपुढे हात पसरला.

तपासनीसांनी पेन्सिल काढून दिली. फोरमनने ती तशीच पुढे केली. "वहिनी, ही तुमची."

"मला काय करायचीय?" असं म्हणत तिने ती पर्समध्ये टाकली. "असू दे. खडू संपला की खुणा करायला होईल."

सोमवारी टर्नरचा तो भाग पुन्हा टेबलावर आला. तपासनीसांनी साध्या निळ्या पेनाने ड्रॉइंग तपासायला घेतलं. वाचलेल्या सूचना पुन्हा वाचल्या. मग इकडेतिकडे पाहिलं आणि कोणी बघत नाहीसं पाहून, कागद हळूच उलटा करून उजेडात धरला. भाग बसायला हवा होता तो असा, उलट्या हाताचा!

"टर्नरला बोलवा," ते शिपायाला म्हणाले. "आणि फोरमन खाली असेल, तर तो गेल्यावर बोलवा."