साडूची अट

थोरल्या भावाला जुळी झाली त्या वर्षाची गोष्ट. धाकटीने नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि पहिलंच काम मिळालं ते एका इस्पितळाचं: औषधांच्या साठ्याचा प्रोग्राम. फुकट मिळणारे दोन तयार प्रोग्राम जोडून तिने तो उभा केला. सोमवारी द्यायचा, तर शुक्रवारी इस्पितळाच्या वकीलबाईंचा फोन आला.

"तुमच्या दोन प्रोग्रामांचे परवाने एकमेकांशी जुळत नाहीत हो. पहिला म्हणतो, फुकट घ्या, फुकट वाटा, पण वर स्वतःची एकही अट घालू नका. आणि दुसऱ्यात अट आहे."

"कसली?"

"हा प्रोग्राम कुणीही वापरावा, माझ्या साडूने सोडून."

धाकटीने परवाना उघडला; अट होती. दुसरा प्रोग्राम तिच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी लिहिलेला. घरचाच माणूस म्हणून तिने परवाना वाचलाच नव्हता. आणि काकांचे साडू म्हणजे तिचे बाबा. बाबांचं औषधांचं दुकान. त्यांनी चारचौघांत त्या प्रोग्रामला 'खेळणं' म्हटलं, तेव्हापासून दोघांत अबोला होता.

अट निघाली नाही तर काम जाणार आणि पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली राबायचं. ती तडक काकांकडे गेली.

"काढतो की," काका म्हणाले. "पण माझ्या एकट्याच्या हातात नाही बाई. अर्ध्या दुरुस्त्या घुबडाच्या आहेत. त्याचीही संमती लागेल."

"कोण घुबड?"

"खरं नाव कुणाला ठाऊक? कित्येक वर्षं माझ्या चुका शोधून, दुरुस्त करून पाठवतो. खवट आहे, पण हुशार. नाहीतर तुझे बाबा."

काकांनी घुबडाला निरोप धाडला. उत्तर नाही. रविवारी धाकटी रडवेली होऊन दुकानात बसली आणि तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा गोळ्यांची पाकिटं लावत राहिले.

"संमती आहे म्हणून कळव त्याला."

"कुणाची?"

बाबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर काकांचाच प्रोग्राम चालू होता.

"बाबा, तुम्हाला मनाई होती ना?"

"म्हणून तर टोपणनाव घेतलं."

"मग निरोपाला उत्तर का नाही दिलंत?"

"अट निघाली की त्याच्याशी बोलावं लागेल."

तिने काकांना फोन करून घुबड कोण ते सांगितलं. काका म्हणाले, "तरीच इतका खवट," आणि त्यांनी अट खोडली. सोमवारी सकाळी वकीलबाई म्हणाल्या, "आता जुळतंय." धाकटीचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी दुकानात येऊन बाबांशी समोरासमोर भांडू लागले. सहा वर्षांनी, हिवाळ्यात, काका वारले. बाबा त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेले.