जिजी आणि पालथे फोन

कुणाचाही फोन टेबलावर पालथा दिसला, की विमलजिजी तो सरळ करून ठेवते. मग घर कुणाचंही असो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिने थेट व्याह्यांचा फोन उलटला आणि वर विचारलं, "तुम्हना फोन पालथा काब्र शे? कोनाले घाबरतस?" व्याही पाणी पिता पिता ठसकले.

जिजी सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. नंदुरबारला आमच्या शेजारी एकटीच राहते. "ताप चढाना आधी देखनं पडस," हे तिचं पालुपद. ताप म्हणजे हल्ली तिच्या लेखी कर्ज. एखादा माणूस फोन पालथा ठेवू लागला, नेहमीचं दुकान टाळून किराणा लांबून आणू लागला, पगाराच्याच आठवड्यात हातउसने मागू लागला, 'कुणाचा फोन?' एवढं विचारलं तरी बायकोवर खेकसू लागला, की जिजीच्या हिशेबी तो पेशंट. गल्ली तिला वैतागलेली.

मग समोरच्या इरफानची पाळी आली. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा हा हसरा, बडबड्या माणूस उन्हाळ्यात एकदम गप्प झाला. फोन वाजला की दुकानाच्या मागे जायचा. जिजी आपला धडधाकट मिक्सर काखेत मारून त्याच्याकडे जाऊन बसली.

"जिजी, ये तो चालू है."

"आवाज करस."

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी इरफानने चिडून मिक्सर खोलला, जोडला, आणि तो खरोखरच बंद पडला.

"आते तू मन्हं देनं लागस," जिजी खुशीत म्हणाली. "सांग, आखो कोनं कोनं देनं शे?"

इरफान हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. मी दळण घेऊन येत होते, ती तिथेच थबकले. पतसंस्थेचा हप्ता थकला म्हणून त्याने फोनवरून कर्ज काढलं होतं, आणि ते फेडायला पुन्हा दुसरं. बायकोला पत्ता नव्हता.

"शबानाले बलाव."

"नहीं जिजी, शरम आती है."

"मी बठेल शे आठे. बलाव."

शबाना आली. नवऱ्याला पोटभर बोलली, आणि मग तिनेच आपल्या भावाला फोन लावून खरं काय ते सांगितलं. भावाने फोनवरची दोन्ही कर्जं मिटवली. पतसंस्थेत जिजी इरफानसोबत गेली आणि हप्ता लहान करून मिळेपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. आता इरफान मेहुण्याचे थोडे थोडे फेडतो आणि पूर्वीसारखाच कान किटवतो.

दिवाळीआधी तो तांब्याची तार आणायला सुरतला निघाला, तेव्हा जिजीने त्याच्या हातात एक जुना फोटो दिला.

"हाऊ मन्हा धाकला भाऊ. देनं व्हयनं, कोनाले न सांगता निंघी गया. सुरतमा शे म्हनतस. मले दिसी ऱ्हायंतं. पन मी इचारं नही."

इतक्या वर्षांच्या शेजारात तिला भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

इरफान संध्याकाळच्या गाडीने परतला. जिजी फाटकाशीच उभी होती.

"नहीं मिला, जिजी. तारवाले बाजार में सबको दिखाया. अगली बार उधना की तरफ पूछूंगा."

त्याने फोटो पुढे केला. जिजीने हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे तुन्हाजोडे," ती म्हणाली. "पुढला खेपले लागी."