सासूबाई, ल्यूज आणि माझी दाढ

"ते माझ्यावर सोपव," असं मी बायकोला म्हणालो, तिथेच सगळं चुकलं. संसारात मी हे वाक्य जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा ते काम शेवटी हिनेच केलंय, आणि वर मला दवाखान्यातही हिनेच नेलंय. (मागच्या वेळी पडद्यांचा दांडा बसवायचा होता. जाऊ दे, तो विषय नको.)

या वेळचं काम दिसायला अगदी साधं होतं. माझ्या मेव्हणीची बर्फावरची शर्यत सासूबाईंना टीव्हीवर दाखवायची. बस, एवढंच.

मेव्हणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी बसली नाही. मोठेपणी शिकायला म्हणून थंड देशात गेली, तर शिक्षण राहिलं बाजूला आणि ल्यूज नावाचा खेळ घेऊन बसली. ल्यूज म्हणजे काय, तर सुपाएवढ्या घसरगाडीवर उताणं झोपायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या वळणावळणाच्या पन्हळीतून मोटारीला मागे टाकेल अशा वेगाने खाली यायचं. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. (मला जिना उतरतानासुद्धा कठडा लागतो.)

गेल्या हिवाळ्यात भिंगरी एका वळणावर उलटली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. सासूबाईंनी फोनवर बजावलं, "पुन्हा त्या गाडीवर झोपलीस तर मला आई म्हणू नकोस!" हाड जुळलं आणि भिंगरी पुन्हा झोपली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. हट्टीपणात एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. मधल्या मधे आमचं सँडविच.

सध्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आल्यापासून भिंगरीचं नाव निघालं की उठून भांडी आवरायला लागायच्या. पण अपघातानंतरची तिची पहिली शर्यत उद्यावर आली, तशा त्या जेवताना मधेच थांबल्या.

"मला तिला बघायचंय," त्या म्हणाल्या. "खाली येईपर्यंत बघायचंय. नाहीतर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"अहो आई, निकाल कळेलच की नंतर फोनवर," मी म्हणालो.

"निकालाचं काय लोणचं घालायचंय? पोरगी आपल्या पायांवर उभी राहिलेली बघायचीय मला!"

आणि त्यांचे डोळे भरून आले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी मी त्यापूर्वी पाहिलं होतं ते फक्त मुलगी मला देताना. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं.

आता अडचण अशी, की आम्ही राहतो त्या परदेशात बर्फ फक्त फ्रीजमध्ये सापडतो. इथे बाराही महिने पंखा फिरतो. मी केबलवाल्याला फोन लावला.

"बर्फावरचे खेळ कुठल्या चॅनलवर लागतात हो?"

"कशाला?"

"बघायला."

"कोण बघणार?"

"आम्ही."

त्याने फोन बाजूला धरून कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि तिकडून चारपाच जणांच्या हसण्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

मग ऑफिसातल्या कंप्युटरवाल्याने युक्ती सांगितली. म्हणाला, एक छोटंसं ॲप घ्या, की तुम्ही थंड देशात बसलाय असं इंटरनेटला वाटतं. तिथलं चॅनल फुकटात दिसेल. घरच्या लॅपटॉपवर मी ते घेतलं खरं, पण तो बिचारा म्हातारा. पडद्यावर चाक गरगरत राहिलं, चित्र काही येईना. शेजारीच ऑफिसचा लॅपटॉप होता, नवा कोरा. शर्यतीचा दिवस म्हणून मी घरूनच काम करत होतो. (म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवला होता.) हात शिवशिवले. ते ॲप मी त्याच्यावर चढवलं. क्षणभर बर्फाचे डोंगर दिसले, सासूबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या, आणि पडदा काळा झाला. पाठोपाठ साहेबांचा फोन.

"कुठे आहात?"

"घरी, साहेब."

"आमच्या सिस्टिमला तुम्ही बर्फाच्या डोंगरात दिसताय. तुमचा पासवर्ड चोरीला गेलाय की तुम्ही सुट्टीवर गेलाय, न सांगता?"

इथे खरं सांगून मोकळं व्हायचं. पण घाबरलो की मला आजार होतात.

"साहेब, दाढ दुखतेय."

"दाढ दुखते म्हणून डोंगरात गेलात?"

"नाही साहेब. दुखण्याच्या भरात भलतंच बटण दाबलं गेलं."

मग साहेब म्हणाले, "आजच्या आज डॉक्टरला दाखवा आणि चिठ्ठी पाठवा. तोवर लॅपटॉप बंद. चिठ्ठी नाही आली तर आपण वेगळं बोलू."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "खरंच दुखतेय?"

"छे गं."

"चला तर खरं. दुखेल."

कोपऱ्यावरच दातांचा दवाखाना होता. शर्यत दुपारी होती, आणि घरी एकटं बसलं की नको नको ते मनात येतं म्हणून सासूबाईही निघाल्या. मला फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. नोकरीचं काहीतरी झालं असतं, पण त्या माऊलीला मी उगाच आशा लावली होती.

दातांची डॉक्टरीण चांगली धिप्पाड आणि हसतमुख. तिने मला आतल्या खोलीत खुर्चीवर घेतलं, खुर्ची मागे आडवी केली, आणि मी जोरात ओरडलो.

"मी अजून हात लावला नाही," ती म्हणाली.

पण मी ओरडलो होतो ते छताकडे बघून. छताला टीव्ही होता. आणि टीव्हीवर बर्फ, बर्फाची पन्हळ, आणि पन्हळीतून सुसाट येणारी घसरगाडी!

डॉक्टरीण निघाली थंड देशातली. लग्न होऊन इकडे आलेली. हिवाळ्याच्या खेळांशिवाय तिला करमत नाही, म्हणून सगळी चॅनल घेऊन तिने टीव्ही छतालाच लावलाय. पेशंट वर बघत राहतो, ती खाली काम उरकते. मी खुर्चीतून उडी मारून बाहेर गेलो आणि दोघींना ओढतच आत आणलं.

"एका वेळी एकच," डॉक्टरीण म्हणाली. "पेशंट सोडून या खोलीत कुणी नाही. स्वच्छतेचा नियम आहे."

"मग मी पेशंट," सासूबाई म्हणाल्या. (त्या मराठीत, डॉक्टरीण इथल्या भाषेत, मधे ही दुभाषी.) आणि त्यांनी सरळ कवळी काढून डॉक्टरणीच्या हातावर ठेवली. "ही घ्या, तपासा सावकाश. मी पडते आडवी."

डॉक्टरणीने कवळी आदराने परत दिली. कवळीला खुर्ची लागत नाही म्हणाली, तिला नळ पुरतो. मग हिने आ केला. डॉक्टरणीने टॉर्च मारून पाहिलं आणि हात जोडले. "सगळे दात मोत्यासारखे. माझ्या पोटावर पाय आणाल."

मग तिने माझ्या तोंडात डोकावलं. तिचा चेहरा उजळला. खाणीत उतरलेल्या माणसाला सोनं दिसावं तसा.

"एवढं सगळं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही एकट्याने केलं?"

म्हणजे मी सहज मारलेली थाप खरी निघाली होती. उजवीकडची शेवटची दाढ आतून पोखरलेली, आजच हात घालायला हवा. साहेबांच्या चिठ्ठीचा प्रश्न सुटला. (माणसाने इतकंही खरं बोलू नये.)

ठरलं असं, की मी आडवा पडून बघायचं आणि दाराबाहेर बसलेल्या दोघींना ओरडून सांगायचं. मी सांगू लागलो, तेवढ्यात डॉक्टरणीने माझ्या तोंडात आधी इंजेक्शन, मग कापूस, मग थुंकी ओढणारी नळी आणि शेवटी स्वतःचा अर्धा हात घातला.

"कोण चाललंय?" बाहेरून बायको.

"आं-आं-ऊं."

"आपली आहे का?"

"ऊं-हूं."

"हो की नाही ते नीट सांगा ना! एक काम धड होत नाही."

डॉक्टरीण मशीन घेऊन दाढ कोरत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती दाढेकडे बघतच नाहीये. ती वर बघतेय! मीही वर पाहिलं. एका मुलीची घसरगाडी वळणावर भिंतीवर चढली, आडवी झाली, उलटली. डॉक्टरीण "हाय!" म्हणून दचकली, आणि तिच्याबरोबर तिच्या हातातलं मशीनही दचकलं. इंजेक्शन जिथपर्यंत पोचलं नव्हतं नेमकं तिथे ते पोचलं. मी जी किंकाळी फोडली, ती माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम होती.

दार धाडकन उघडलं. "उलटली! माझी पोरगी उलटली!"

सासूबाई आत घुसल्या. माझ्या छातीवर रेलून, मान वाकडी करून त्यांनी छताकडे पाहिलं. पन्हळीत गाडी पालथी आणि शेजारी हेल्मेट घातलेली एक मुलगी पडलेली. हेल्मेटमध्ये सगळ्या सारख्याच. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

ती भिंगरी नव्हती. खाली नाव येऊन गेलं होतं, आणि ते वाचलेला त्या खोलीतला एकमेव मराठी माणूस मी होतो. पण माझ्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरीण. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, "ई आई! ई आई ई!"

"बघा, रडतायत!" म्हणून सासूबाईंनीच हंबरडा फोडला. "माझंच चुकलं गं! एक शब्द बोलले नाही मी पोरीशी!"

माझं काळीज हललं. मी डॉक्टरणीचं मनगट पकडलं, तिचा हात तोंडातून उपसून काढला आणि कापसासकट ओरडलो, "ती दुसरी आहे! आपलीची पाळी अजून यायचीय!"

एवढ्यात पडलेली मुलगी उठली, कपडे झटकले आणि लोकांना हात केला. सासूबाई खुर्चीच्या दांडीला धरून मटकन खाली बसल्या. त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच पुन्हा धाप लागली, कारण खरी भीती तर पुढेच होती.

"तुमची मुलगी आहे यात?" डॉक्टरणीने विचारलं. हिने सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरणीचे डोळे पाणावले. तिने हातमोजे काढले, नियम गुंडाळून ठेवला आणि मला म्हणाली, "उठा."

"पण माझी दाढ..."

"दाढ कुठे पळून जात नाही. उठा!"

खुर्चीत सासूबाई आडव्या झाल्या. त्यांच्या एका गालाला गाल लावून ही, दुसऱ्या बाजूने डॉक्टरीण. तीन डोकी, एक उशी. मला जागा उरली ती कोपऱ्यातल्या स्टुलावर, स्वतःची नळी स्वतःच्या हाताने धरून. तिथून मला छत दिसत नव्हतं. मला फक्त तिघींचे चेहरे दिसत होते, आणि शपथेवर सांगतो, शर्यत मला त्यांच्यावरच दिसली.

सासूबाईंनी दोन्ही पाय ताठ पुढे केले. वळण आलं तशा तिघी डावीकडे कलल्या. मग उजवीकडे. मग सासूबाईंनी श्वास कोंडला, हिने आईचा हात आवळला, आणि खोलीत माझ्या नळीच्या गुरगुरण्याशिवाय आवाज नव्हता. मीही डोळे मिटले. गणपतीला म्हटलं, ही पोरगी सुखरूप उतरव, माझी सगळी बत्तिशी घे. (देव नको तेव्हा ऐकतो.)

"उभी राहिली!" सासूबाई ओरडल्या. "अगं बाई, उभी राहिली! हसतेय बघ सटवी!"

मग रडणं, हसणं, मिठ्या, सगळं एकदम. डॉक्टरणीने सासूबाईंचा मुका घेतला. भिंगरी शेवटून दुसरी आली होती, पण ते कुणी विचारलंच नाही. थोड्या वेळाने तिचा फोन लागला. हिने तो आईच्या हातात दिला. सासूबाईंनी घसा खाकरला. इतक्या महिन्यांनी काय बोलतील म्हणून आम्ही सगळ्यांनी फोनला कान लावले.

"कान झाकले होतेस ना गं?" त्या म्हणाल्या.

तिकडून भिंगरीचा हुंदका आम्हालाही ऐकू आला. मी तोंडातल्या कापसाला दोष देत डोळे पुसले.

मग माझी दाढ पुरी झाली. चिठ्ठी साहेबांना गेली. त्यांचा लगेच फोन आला. मी बधिर जिभेने जे काही बोललो ते ऐकून ते एकदम वरमले आणि म्हणाले, "बोलू नका, बोलू नका. दोन दिवस आराम करा." एवढं निवांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. नोकरी शाबूत, मायलेकींचं गूळपीठ, आणि घराकडे जाताना बायकोने चारचौघांत माझा हात धरलेला.

फक्त दवाखान्यातून निघण्यापूर्वी सासूबाई डॉक्टरणीशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या, आणि ही मधे उभी राहून भाषांतर करता करता हसत होती. घरी पोचल्यावर मी विचारलं, काय खलबत चाललं होतं?

"काही नाही," ही म्हणाली. "हिवाळा संपेपर्यंत भिंगरीच्या आणखी पाच शर्यती आहेत. डॉक्टरीण म्हणाली, खुशाल या, पण खुर्चीसाठी दर वेळी खराखुरा पेशंट लागेल."

"मग?"

"मग आईने विचारलं, जावयाचे किडलेले दात अजून किती उरलेत. ती म्हणाली, चार."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्यासाठी चहा घेऊन येत होत्या. इतक्या प्रेमाने त्यांनी मला आजवर कधी चहा दिला नव्हता. मी एक घोट घेतला. नुसता पाक!

"प्या, जावईबापू," त्या माझ्या सुजलेल्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "आणि आजपासून रात्रीचे दात घासायचे राहू द्या."