सामुदायिक वाफ

आमच्या घरात फ्लू शिरणं शक्यच नव्हतं! बंदोबस्त मी ठेवला होता ना!

झालं असं, की माझ्या थोरल्या भावाच्या, रघुरामच्या मुलीचं, श्रीविद्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि नेमकी तंजावरात फ्लूची साथ सुरू झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यात आमची ताराबाई आत्या एक्याऐंशी वर्षांची, दम्याची. तिला काही झालं तर? बाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. पण तिचं ज्ञान जुनं. माझं रोज सकाळी मोबाइलवर येणारं, एकदम ताजं!

आधी मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. बाहेरची हवाच नको! मग सांबराणीचा, म्हणजे उदाचा, धूर केला. असा केला, की रघुराम ओसरीतल्या खांबाला म्हणाला, "या, बसा!"

मला शिंकांवर शिंका येत होत्या.

"धुरानं!" मी बायकोला सांगितलं.

"धूर आज केलात. शिंका कालपासून आहेत," कमलाक्षी म्हणाली. नको त्या तारखा तिच्या बरोबर लक्षात राहतात!

मग रविवारी हुकमी उपाय काढला, सामुदायिक वाफ! पंगतीच्या भाताचं पातेलं, उकळतं पाणी, निलगिरीचं तेल आणि वरून जमखाना. नवरीसकट नऊ जणांना जमखान्याखाली कोंबलं. दहावा मी, सूचना द्यायला.

"मोठा श्वास घ्या!"

"अय्यो काका, तोंडावर शिंकलात माझ्या!" आतून श्रीविद्या ओरडली.

"मग आणखी मोठा घे! वाफेत सगळे जंतू मरतात!"

कमलाक्षी "रसम उतू जाईल" म्हणत सटकली. आत्यानं तर दारातूनच सुनावलं, "सेतु, मास्क लाव, खिडक्या उघड आणि माणसांपासून लांब बस." एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं खिडकी सताड उघडली. म्हातारी माणसं हट्टी असतात, मी मनात म्हटलं.

बुधवारी नऊच्या नऊ जणांना ताप! नवरीचे गाल लालभडक. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "लाजतेय गं!" श्रीविद्याला एकशे दोन होता.

आत्या मास्क लावून बाहेर आली. भराभर खिडक्या उघडल्या, आजाऱ्यांची अंथरुणं लांब लांब लावली, प्रत्येकाचा पेला वेगळा केला, न्हाणीघरात साबण ठेवला. तरुण डॉक्टरीणबाई आल्या.

"ताप कुणाकुणाला?"

"जमखान्याखाली होते त्यांना," आत्या म्हणाली.

"आणि शिंका आधी कुणाला आल्या?"

सगळं घर फिरून सगळ्यांची नजर माझ्यावर आली. मी सांबराणीकडे पाहिलं.

श्रीविद्या उशीत तोंड खुपसून रडत होती. "काका, माझा मुहूर्त!" तेव्हा मात्र मी सांबराणी विझवून टाकली. पोरीला कडेवर घेऊन मी बाजार दाखवला होता हो!

रघुरामनं तिरुवैयारूला, नवऱ्या मुलाच्या, विघ्नेशच्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "कसं सांगू, सम्बंधी... घरात सगळे आजारी. तारीख पुढे ढकलावी लागेल."

पलीकडून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. "देवच पावला! आम्हीही तेच सांगणार होतो. विघ्नेशसकट आठ जण अंथरुणात आहेत!"

"अय्यो! तिकडे कसा पोचला फ्लू?"

"सोमवारी तुमचे धाकटे बंधू आले होते ना, वाफ कशी घ्यायची ते शिकवायला!"

हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. काय आहे, जमखाना मी बरोबरच नेला होता.

लग्न तीन आठवड्यांनी थाटात झालं. आत्याला शिंकसुद्धा आली नाही. नव्या तारखेची आमंत्रणं मात्र मी घरोघर जाऊन करायची नाहीत, असं ठरलं. फोनवरून करायची.

तीही मास्क लावून!