सामायिक विहिरीतला टणत्कार

सेनगाव तालुक्यात मेंदू तसे पुष्कळ आहेत. चालू स्थितीतला माझा एकच. मी वैजनाथ, खासगी गुप्तहेर. उरलेल्या वेळात मोबाईल दुरुस्त करतो. उरलेला वेळ बराच असतो. माझा सहायक मुंजाजी जीप चालवतो आणि मी बोलत असलो की जांभया देतो.

पुसेगावच्या माणिकरावांनी आम्हाला तातडीनं बोलावलं. त्यांची आणि धाकट्या भावाची, भागवतची, विहीर सामायिक. पाणी पाळीनं घ्यायचं, बोलणं मात्र वर्षभर बंद. त्या विहिरीच्या पाण्यातून मधूनच 'टण... टण' असा आवाज येत होता.

"भागवतनं तळाला चोरून मोटार बसवली," माणिकराव म्हणाले. "उद्या ठाण्यात जातो. सख्खा भाऊ हाय, पन आता विलाज न्हाई." सांगताना त्यांना वाईट वाटत होतं. मलाही वाईट वाटलं, म्हणून मी यंत्र काढलं.

यंत्राचं नाव जलराज. थर्माकोलची होडी, तिला खेळण्यातल्या गाडीची मोटार आणि खाली प्लास्टिकच्या पन्नीत बांधून सोडलेले तीन माइक. ज्या माइकला आवाज आधी पोचेल, त्या बाजूला होडी आपोआप वळते. घरी बादलीत ती कधीच चुकली नव्हती.

विहिरीत सोडताच जलराज पूर्वेला गेला. "बराबर," मी म्हणालो. "तिकडं भागवतचं शेत. मोटार तिथंच."

जलराज पश्चिमेला वळला.

"मोटार पोहून राहिली का?" मुंजाजीनं विचारलं.

"मोटार नाही, पाणबुड्या. खाली बसून पाणी चोरतोय."

"अन् नेतो कशात?"

हा प्रश्न गौण होता. मी तिसरा सिद्धांत मांडला: वसमतकडं जमिनीतून आवाज येतात म्हणतात, त्यातलेच काही रस्ता चुकून इकडं आले असावेत. एवढ्यात जलराज जागच्या जागी गरगरला आणि खालून कुणी धक्का मारावा तसा पालथा झाला. मी धीर न सोडता मुंजाजीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

माणिकरावांच्या पत्नी नर्मदाबाई मघापासून काठावर भाकरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक तुकडा पाण्यात टाकला. चपटं डोकं वर आलं, तुकडा घेऊन बुडालं, आणि जाता जाता पाठ लोखंडी पाइपाला लागली. टण.

"कासव हाय," त्या म्हणाल्या. "पानी साफ राहावं म्हून सोडलं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?" माणिकरावांनी विचारलं.

"कसं सांगू? मी अन् मंजुषानं मिळून सोडलं." मंजुषा म्हणजे भागवतची बायको. "तिच्याशी बोलू नको म्हनले व्हते तुमी. वरीसभर बोलून राहिलो आमी, हितंच."

माणिकरावांनी वाकून पाण्यात डोकावलं. "रोज भाकरी तूच टाकती?"

"न्हाई. आज माझी पाळी. उद्या तिची."

माणिकरावांनी डोक्यावरचा रुमाल काढून डोळे पुसले आणि दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून चालू लागले. समोर भागवतचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं खोपट. ठाण्याचा रस्ता बरोबर उलट्या दिशेला. एवढं मात्र मी एकट्यानं हेरलं.