मनातल्या मनात सांगायचं गाऱ्हाणं

गावात राहणाऱ्या माणसाला पैसा लागतच नाही, असं महिपतचं ठाम मत होतं. कुणी विचारो न विचारो, तो ते सांगायचाच. मुंबईत घराबाहेर पाऊल टाकलं की खिसा फाटला म्हणून समजा. आणि इथे आमची हौसा कशात घर चालवते ते सांगितलं तर तुम्हांला खरं वाटायचं नाही, असं तो म्हणायचा.

सांगितलं असतं तर खरोखरच वाटलं नसतं. कारण हौसा, म्हणजे महिपतची बायको, घर चालवत होती ती निव्वळ उधारीवर.

झालं होतं ते असं. मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा महिपत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. ऐन तरुणपणी लागलेला, तिथेच केस पिकलेला. आज मिटेल, उद्या मिटेल करत त्याने काही महिने खोलीवर काढले, आणि मग एक दिवस वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन जयगडच्या एसटीतून गावच्या फाट्यावर उतरला. हौसाने पुढे होऊन त्याच्या हातातली पेटी घेतली. सदरा खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता. तिने भाकरी वाढली, तर त्याने ती मोडून अर्धी टोपलीत परत ठेवली.

"हात चालत नायत, तर तोंड कशाला चालवायचं?" तो म्हणाला. "आणि उसनं आणून घालत असशील, तर ही अर्धीसुद्धा नको मला."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माणूस देवासमोरच्या समईसारखा बारीक होत चालला. शेवटी हौसाने तोंड उघडलं आणि धादांत खोटं बोलली. भात घरचं आहे, काजूचे पैसे शिल्लक आहेत, आणि इथे गावात लागतं काय, पाणी विहिरीचं, लाकूड रानातलं. महिपतने तिच्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि उरलेली अर्धी भाकरी उचलली.

बस. त्या अर्ध्या भाकरीपायी हौसाने मनाशी गाठ मारली की घरातल्या कर्जाचा वास ह्या माणसाच्या नाकाला लागू द्यायचा नाही. लागला, की हा जेवायचा थांबणार.

आता खोटं टिकवायचं तर काटकसर हवी. ती तर हौसाने अशी केली की सरकारने येऊन शिकून जावं. फोडणीत तेल इतकं थोडं की मोहरी तडतडण्याऐवजी नुसतीच घाबरून बसायची. चिमणीची वात इतकी खाली की घरातली माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची. चहा गुळाचा, तोही गुळाला नुसता चहा दाखवलेला. आणि महिपतला ह्यातलं प्रत्येक गावाचं मोठेपण वाटायचं. साखरेने मुंबईत लोकांचे दात गेले, तेलाने छातीत दुखायला लागलं, विजेच्या दिव्याने डोळे गेले. इथे बघा!

पण काटकसर करूनही जे देणं उरायचं ते उरायचंच, आणि त्यासाठी हौसाने एक चक्र लावलं होतं. नाक्यावर रशीदचं किराण्याचं दुकान. तिथली उधारी वाढली की ती शेजारच्या येसूबाईकडून, म्हणजे आपल्या चुलत जावेकडून, पैसे आणून भागवायची. येसूबाईने तगादा लावला की खालच्या मोहल्ल्यात खतिजाबीकडे जायची. खतिजाबीचा नवरा बोटीवर कामाला, तिकडून तो पैसे पाठवायचा. आणि खतिजाबीला परत द्यायची वेळ आली की रशीदकडून सामान परत उधार, आणि सामानाला म्हणून बाजूला ठेवलेले चार पैसे खतिजाबीला. प्रत्येकाला वेळेवर पैसे मिळत होते. प्रत्येकाला वाटायचं, हिला उधार देणारे आपण एकटेच, आणि बाई किती चोख आहे. कर्ज मात्र तेवढंच, नुसतं एका घरातून दुसऱ्या घरात पाहुणचाराला जाऊन येणारं.

"ह्यांना तेवढं कळू देऊ नका हो," असं तिने तिघांनाही हात जोडून सांगितलं होतं, आणि तिघांनीही ते पाळलं होतं. रशीदने तर फारच पाळलं. महिपत रोज सकाळी त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि त्यालाच ऐकवायचा की रशीद, तू हा माल विकतोस तरी कुणाला, आमच्या घरात तर दुकानाची पायरी चढायची वेळच येत नाही. रशीद बिचारा हातातलं माप तसंच धरून डाळीच्या पोत्यात काहीतरी शोधल्यासारखं करायचा.

असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण शिमग्याच्या तोंडावर खतिजाबीचा निरोप आला. नवरा सुट्टीवर येतोय, तो आला की पैशांचं विचारील, तेव्हा माझं काय ते बघ. चक्राचा एक आराच निखळला. आता रशीदला सांगावं तर येसूबाईचं निघणार, येसूबाईला सांगावं तर रशीदचं. हौसाला दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. माणसांकडे जायची सोय संपली, तेव्हा तिने देवाकडे जायचं ठरवलं.

आपल्याकडे देवाकडे परस्पर जाता येत नाही. शिमग्यात पालखी घरोघर येते, दारात बसते, आपण नारळ ठेवायचा आणि मानकऱ्याने आपलं गाऱ्हाणं देवाला सांगायचं. गावाने मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ह्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान भागोजीतात्यांचा. तात्या सरळ माणूस. एवढी वर्षं गावाची दुखणी, भांडणं, हरवलेली गुरं, न होणारी लग्नं देवाला सांगून सांगून त्यांचा आवाज असा झाला होता की ते आपल्या अंगणात खोकले तरी समोरच्या वाडीतली कुत्री उठायची.

हौसा त्यांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, नुसतं घरातली अडचण दूर कर एवढंच सांगा. तात्यांना ते पटलं नाही. शिमग्यात देवाच्या डोक्यावर अख्ख्या गावाच्या अडचणी, त्यात तुझी नेमकी कुठली ते त्याने कसं ओळखायचं? मग हौसाने सगळं सांगितलं. रशीद, येसूबाई, खतिजाबी, पुन्हा रशीद. सांगता सांगता तिला रडू फुटलं, आणि तात्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"पण हे मोठ्यानं नाय हो सांगायचं," ती म्हणाली. "मनातल्या मनात सांगा. आमच्या ह्यांना यातलं काय कळता नये."

तात्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून कबूल केलं.

पालखी आली ती भर दुपारी. हौसाने अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, चुलीवर भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं ठेवलं होतं. महिपत धुतलेल्या धोतरात ताट घेऊन उभा. ढोल-सनईने वाडी दणाणली, पालखी खांद्यांवर नाचली, मग पाटावर बसली. सगळा गाव अंगणात. येसूबाई पुढेच होती. बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, बाहेर वाटेवर रशीदही दुकान बंद करून बघायला उभा होता. ढोल थांबला. महिपतने ताटातला नारळ देवापुढे ठेवला आणि मान खाली घातली. तात्या पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा, आज तू ह्या लेकरांच्या दारात आलास म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरची हौसा तुज्या पायाशी नारळ ठेवताय, तो गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या घरात जी काय अडचण हाय, ती दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत ठरल्याप्रमाणे झालं. मग तात्यांनी डोळे मिटले, ओठ हलवायला लागले. मनातल्या मनात सांगत होते बिचारे. पण गावाला तात्या गप्प उभे राहायची सवय कुठे? मागून पोरं ओरडली, तात्या आवाज, ऐकायला येत नाय. तात्या दचकले. आयुष्यात ज्या माणसाने एक गाऱ्हाणं मनात घातलं नाही त्याचं जे आत चाललं होतं ते, आहे तिथून पुढे, बाहेर आलं.

"...ती रशीदच्या दुकानातली उधारी, गुळाची, तेलाची, चायपावडरीची, ती फिटू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. बेड्याबाहेर रशीदनेही मान हलवली, आणि मग त्याची मान हलायची थांबली.

"ती भागवायला तिनं येसूबायचे पैसे घेतलेन, तेपण फिटू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"म्हणजे माजे पैसे रशीदला गेले?" येसूबाई म्हणाली. शेजारच्या बायकांनी तिला गप्प केलं. गाऱ्हाणं मधे तोडत नाहीत. तेवढ्यासाठी तर हौसालाही तोंड दाबून उभं राहावं लागलं होतं. तिने तात्यांचं उपरणं मागून ओढून बघितलं. तात्यांना वाटलं, बाई गहिवरलीय. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"येसूबायचे द्यायला खतिजाबीच्या घोवानं बोटीवरून धाडलेले पैसे घेतलेन. खतिजाबीचे द्यायला परत रशीदच्या दारात गेली. ह्या घाण्यातून तिला सोडव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिच्या घोवाला ह्यातला एक शब्द कळू देऊ नको. कळला तर तो माणूस जेवायचा नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव एका आवाजात म्हणाला आणि मग एकाएकी गप्प झाला, कारण आपण कशाला हो म्हटलं ते त्याच क्षणी सगळ्यांना समजलं. त्या शांततेत एक आवाज उशिरा आला. रिकामं ताट हातात घेऊन, मान खालीच ठेवून, लहानपणापासूनच्या सवयीने, महिपत एकटाच म्हणाला,

"व्हय म्हाराजा."

ढोलवाल्याने काय करावं न सुचून ढोलावर टिपरू मारलं, म्हणून बरं झालं. पालखी उठली. रशीद वाटेवर दिसेनासा झाला. येसूबाई तोंडात खूप काही घेऊन हौसापर्यंत आली, तिने महिपतकडे पाहिलं, आणि "रांगोळी बरी काढलंस," एवढंच म्हणून पालखीमागे निघून गेली.

घरात दोघंच उरली. हौसाने पाट मांडला, ताट वाढलं. कमी वाढावं तर लपवल्यासारखं होईल, जास्त वाढावं तर मनवल्यासारखं. तिने रोजच्याएवढं वाढलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. मागे भांड्याचा आवाज येईना.

"तात्या म्हातारे झाले," महिपत म्हणाला. "काय बोलले, मला तर काय ऐकायलाच आलं नाय. त्या ढोलानं कान बसलेत माजे."

गाऱ्हाण्याच्या वेळी ढोल बंद होता.

"मलापण नाय आलं," हौसा म्हणाली.

मग तो जेवायला लागला. असा जेवायला लागला की तसा तो चांगल्या दिवसांतही कधी जेवला नव्हता. घास कोंबायचा, पाण्याने ढकलायचा, पुढचा घास. भात मागितला, तिने वाढला. परत मागितला. तिने आपल्या वाटणीचा वाढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखट झालंय काय?" तिने विचारलं. घरातली मिरची संपून चार दिवस झाले होते.

"व्हय, जरा," महिपत म्हणाला. "पण झालंय झकास. आज भूक कडाडून लागलीय बघ. वाढ अजून."

टोपात शितं उरली होती. ज्याला काही कळलेलं नाही त्या माणसाला भात संपला म्हणून कसं सांगायचं? हौसा "आणते हो" म्हणाली आणि वाडगा पदराखाली घेऊन मागच्या दाराने येसूबाईकडे गेली. येसूबाई नुकतीच पालखीमागून परत येऊन उंबऱ्यात बसली होती. तिने हौसाकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं.

"जेवतायत ते," हौसा म्हणाली आणि तिने वाडगा पुढे केला.

येसूबाई उठली, आत गेली, आणि वाडगा दाबून भरून घेऊन आली.

हौसाने तो भात महिपतच्या ताटात वाढला. त्याने त्यातला मोठा घास केला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून जरा चिऱ्याच्या खाणीकडे फिरून येईन म्हणतो. बसून बसून पाय आखडलेत."

"या की," हौसा म्हणाली. "हवा चांगली हाय तिकडची."

पालखी खालच्या वाडीत पोहोचली होती, तिथून 'व्हय म्हाराजा' ऐकू येत होतं. तासाभरापूर्वी देवाला सांगितलेलं कर्ज मात्र आता तेवढं राहिलं नव्हतं. त्यात वाडगाभर भाताची भर पडली होती.