हळदीच्या डब्याखालचा इजिप्त

"लिही गं पोरी, हाताला आठवलं की डोक्याला आठवतं," असं साताऱ्याच्या शाळेत प्रल्हाद गुरुजी म्हणायचे. मयूराने ते इतकं मनावर घेतलं, की परदेशात, क्लेटनच्या युनीत म्हणजे विद्यापीठातसुद्धा ती निबंध आधी हाताने, मराठीतून लिहायची आणि मग लॅपटॉपवर इंग्रजीत उतरवायची. कागद कुठले? तर पत्रपेटीत पडणाऱ्या पिझ्झाच्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठी.

यंदाचा निबंध प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांवर होता. मंगळवारी युनीची ईमेल आली : हा निबंध मशीनने लिहिल्याचा संशय आहे, उद्या अकराला कच्चं लिखाण घेऊन भेटा. नाही दाखवलं तर नापास. नापास म्हणजे आणखी एक सेमिस्टर, आणि व्हिसा तर जूनपर्यंतच!

टेबलाखालचा त्या कागदांचा गठ्ठा मात्र गायब.

"यतिन, माझे कागद पाहिलेस का रे?"

"छे! मी कशाला बघू?" घरातला दुसरा भाडेकरू आणि त्याच युनीत शिकणारा यतिन चहाच्या कपातच बघत म्हणाला.

गेल्या शुक्रवारी घरमालकाच्या एजंटचं इन्स्पेक्शन होतं, तेव्हा घर यतिननेच लख्ख केलं होतं. म्हणजे गेले कचऱ्याच्या बिनमध्ये! मयूराने पिवळ्या झाकणाचं, रद्दी-बाटल्यांचं बिन लॉनवर आडवं केलं. दुधाच्या बाटल्या गडगडत शेजाऱ्याच्या दारात गेल्या.

"यू राइट, लव्ह?" बरी आहेस ना, अशा सुरात शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"नो वरीज," म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं.

यतिन धावत आला. "अगं, पिझ्झाच्या कागदांसाठी रडतेस?"

"त्यावर माझा निबंध होता! उद्या दाखवला नाही तर नापास करतील मला!"

यतिनचा चेहरा उतरला. तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि त्याने हळदीचा डबा उचलला. खाली, फळीच्या मापाने अंथरलेला, तिच्याच अक्षरातला इजिप्त!

"फळीवर तेलाचे डाग होते गं, एजंटला दिसू नयेत म्हणून झाकले. कापलेत म्हटलं तर तू मला कापशील, म्हणून बोललो नाही."

"कात्रीने कापलेस?"

"सरळ कापलेत पण!"

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक बाईंसमोर हळदीने पिवळे झालेले कागद पसरले. मोहरीचे दाणे टेबलावर सांडले. बाईंना मराठी येत नव्हतं, पण इजिप्तच्या चित्रलिपीतली गिरवलेली घुबडं, बोरूची पानं, लाल शाईच्या खाडाखोडी यांना कुठली भाषा लागते?

"प्राचीन इजिप्तचे विद्यार्थीसुद्धा फुटक्या खापरांवरच गिरवायचे," बाई कागद हुंगत म्हणाल्या. "रद्दी झालेले पपायरसचे कागद ममीच्या आवरणात सापडतात. हे कुठे सापडले?"

"हळदीच्या डब्याखाली."

बाई खो खो हसल्या आणि त्यांनी संशयाचा शेरा तिथल्या तिथे पुसून टाकला.

बाहेर बाकावर यतिन नखं खात बसला होता.

"सुटले रे बाबा!" मयूरा धपकन त्याच्या शेजारी बसली.

त्यानेही मोठा श्वास सोडला, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "मयू, माझा मागचा रिपोर्ट... त्यातली एक ओळ माझी नव्हती. सगळा मशीनचा. मला कुणी विचारलं नाहीच, उलट शाबासकी दिली. आता आत जाऊन माझ्या सरांना सांगून येतो. नवा लिहीन, हातानेच." तो उठला. "तशीही वरची फळी अजून मोकळीच आहे."